पैसे कापले, तिकीट नाही

घाटकोपरला संध्याकाळी सातच्या सुमारास मध्य रेल्वेच्या पुलावरून मेट्रोकडे वळणाऱ्या गर्दीत थांबायची सोय नसते. मोबाइलवर तिकीट काढायचं, कोड दाखवायचा आणि फाटकातून आत शिरायचं, एवढाच वेळ हाताशी. समजा, नेमकं तेव्हाच पैसे भरल्यावर पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. बँकेचा मेसेज आला, पैसे कापले. तिकीट मात्र आलं नाही. माणूस काय करील? बटण पुन्हा दाबेल. मागून धक्का बसला की तिसऱ्यांदाही दाबेल.

दुसऱ्यांदा दाबलेल्या त्या बटणाचं काय व्हायचं, हे पुलावर ठरत नाही. ते कित्येक महिने आधी अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये बसून कुणीतरी लिहिलेल्या दहा-पंधरा ओळींत ठरून गेलेलं असतं. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये दोन वाटा असतात. एक सरळ वाट: नोंद केली, पैसे आले, तिकीट दिलं. ही वाट प्रोग्रॅमर मन लावून लिहितो आणि साहेबांना डेमोही हिचाच दाखवतो. दुसरी आडवाट: नोंद झालीच नाही, डेटाबेसने उत्तर दिलं नाही, कनेक्शन मध्येच तुटलं. ही बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी, बोरिवली फास्ट पकडायच्या घाईत लिहिली जाते. हे प्रकरण त्या आडवाटेबद्दल आहे.

डेटाबेसला एखादं काम सांगितलं की तीनपैकी एक गोष्ट होते. काम होतं. किंवा होत नाही, आणि का झालं नाही ते डेटाबेस सांगतो. किंवा काम झालं की नाही हेच कळत नाही. पहिल्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दुसऱ्याचे प्रकार पुष्कळ, पण ते शिकता येतात. तिसरं अवघड आहे आणि पुलावरचा आपला माणूस तिथेच अडकला आहे. त्याच्याकडे जाण्याआधी दुसऱ्याचा हिशोब पुरा करू.

‘नाही’ म्हणण्याची डेटाबेसची ठरलेली रीत आहे. एसक्यूएलच्या प्रमाणानुसार प्रत्येक चुकीला पाच अक्षरांचा कोड असतो आणि पहिली दोन अक्षरं चुकीचा वर्ग सांगतात. ०८ म्हणजे कनेक्शनची भानगड. २३ म्हणजे टेबलावर घातलेला नियम मोडला. ४० म्हणजे ट्रान्झॅक्शन डेटाबेसनेच मागे घेतलं. ४२ म्हणजे क्वेरी चुकीची लिहिली आहे, किंवा त्या टेबलाला हात लावायची परवानगी नाही. पोस्टग्रेस हे कोड जसेच्या तसे देतो. मायएसक्यूएल त्यांच्या जोडीला स्वतःचे आकडे देतो, आणि त्यावर काम करणारी मंडळी त्या आकड्यांतच बोलतात: ‘१०६२ येतोय’, ‘काल रात्री १२१३चा पाऊस पडला’.

हा वर्ग हाताशी असूनही पुष्कळ कोड त्याच्याकडे बघत नाही. येईल ती चूक एकाच ‘कॅच’मध्ये पकडायची, ‘समथिंग वेंट राँग’ छापायचं आणि सुटायचं. खरं तर प्रत्येक वर्गाचं काम निराळं. २३ आला तर बहुधा ग्राहकाला काहीतरी सांगायचं असतं. ४० आला तर कुणालाच काही सांगायचं नसतं, कोडने गुपचूप पुन्हा प्रयत्न करायचा असतो. ४२ आला तर हजार वेळा प्रयत्न करूनही काही होणार नाही, कारण क्वेरी लिहिणारा चुकला आहे. त्यालाच उठवायला हवं.

ही विभागणी देशाच्या पातळीवर करणारी एक संस्था मुंबई उपनगर जिल्ह्यातच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालय असलेली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय. एप्रिल २०१६मध्ये तिने यूपीआय आणलं. फसलेल्या यूपीआय व्यवहारांची ती दोन खाती करते. पिन चुकला, खात्यात पैसे नव्हते, मर्यादा ओलांडली, तर तो ‘बिझनेस डिक्लाइन’. बँकेची यंत्रणा बसली किंवा नेटवर्क गेलं, तर ‘टेक्निकल डिक्लाइन’. कुठल्या बँकेचे किती टक्के व्यवहार कुठल्या खात्यात गेले, याचा तक्ता एनपीसीआय दर महिन्याला जाहीर करते. दोन्ही आकडे एकाच ‘फेल्ड’ रकान्यात घातले असते तर त्या तक्त्यावरून कुणाला काहीच सुधारता आलं नसतं. ग्राहक पिन विसरतात म्हणून बँकेने नवा सर्व्हर घ्यायचा, की सर्व्हर बसतो म्हणून ग्राहकाला पिन लक्षात ठेवा सांगायचं? आपल्या छोट्या वेबसाइटच्या लॉगलाही हीच दोन खाती लागतात, आणि ती पहिल्या दिवसापासून लागतात.

आता २३. मोबाइल नंबरवर खातं उघडायचं आहे आणि एका नंबरवर एकच खातं चालेल असा नियम आहे. नवशिका असं लिहितो: आधी टेबलात तो नंबर शोधायचा, नसेल तर नोंद घालायची. घरच्या लॅपटॉपवर हे चोख चालतं. पण सर्व्हरवर एकाच वेळी शंभर विनंत्या धावत असतात. बोटाने बटण दोनदा दाबलं गेलं तर दोन्ही विनंत्या शोधतात, दोघींनाही नंबर सापडत नाही, आणि दोघीही नोंद घालतात. शोधणं आणि घालणं यांच्यामधली काही मिलिसेकंदांची फट कोड कितीही काळजीने लिहिला तरी बुजत नाही. ती बुजवायची जागा डेटाबेसमध्ये आहे. त्या रकान्यावर ‘युनिक’चं बंधन घालायचं, सरळ नोंद करायला सांगायचं आणि २३५०५ आला तर तो पकडून माणसाला कळेल असं वाक्य दाखवायचं: ‘या नंबरावर खातं आधीच आहे, लॉगिन करा.’

म्हणजे इथे चूक येणं हाच नियमित कारभार आहे. एक्सेप्शन म्हणजे अपवाद, आणि अपवादावर रोजचं काम चालवू नये, असं काही जुने लोक शिकवतात. डेटाबेसच्या बाबतीत मला ते पटत नाही. सगळ्या विनंत्या एकत्र दिसणारा डेटाबेस हा एकटाच आहे, तेव्हा निवाडा त्याच्याकडेच सोडावा. एक सावधगिरी मात्र हवी. २३मधली प्रत्येक चूक ग्राहकाची नसते. २३५०३, म्हणजे नसलेल्या नोंदीकडे बोट दाखवणं, हे जवळजवळ नेहमी कोडचंच पाप असतं. ‘तुम्ही भरलेली माहिती चुकीची आहे’ असं सांगून ते मुलुंडच्या एखाद्या आजोबांच्या माथी मारू नये.

आणखी एक जुनी खोड. पीएचपीमध्ये पीडीओ ही डेटाबेसशी बोलण्याची सोय वर्षानुवर्षं मुकी होती. क्वेरी फसली तरी ती नुसतं ‘फॉल्स’ परत करायची. तुम्ही विचारलं तर सांगणार, नाही विचारलं तर कोड पुढे चालू. २०२०च्या पीएचपी ८.० पासून पीडीओ मुळातच एक्सेप्शन फेकू लागलं आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआयही. त्या अपग्रेडनंतर चांगल्या चाललेल्या साइट्स एकाएकी कोसळू लागल्याची ओरड झाली. त्या चांगल्या चालल्या नव्हत्याच. आता फक्त बोलू लागल्या होत्या. मुकेपणाच्या त्या जुन्या काळातलं दुसरं टोक म्हणजे ‘ऑर डाय’. क्वेरीपुढे हे दोन शब्द आणि मायएसक्यूएलचा एरर छापायची आज्ञा जोडायची, की चूक झाल्यावर टेबलाचं नाव, रकान्याचं नाव, कधी अख्खी क्वेरी ग्राहकाच्या पडद्यावर. घुसखोराला याहून सोयीचं काय? एसक्यूएल इंजेक्शनचा एक अख्खा प्रकार अशा बोलक्या एररवरच जगतो. मुद्दाम वाकडी माहिती भरायची, उमटलेला एरर वाचायचा, त्यावरून पुढची वाकडी माहिती रचायची.

ग्राहकाला द्यायचं ते साधं वाक्य आणि एक संदर्भ क्रमांक. बाकी सगळं लॉगमध्ये, त्याच क्रमांकाखाली. पण लॉगमध्येही सरसकट सगळं नाही. क्वेरीबरोबर तिच्यात भरलेल्या किमती लिहून ठेवायची सवय असेल तर मोबाइल नंबर, पत्ते, कार्डाचे आकडे सगळं त्या फायलीत साठतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आणि वेबसाइट्सना ग्राहकाच्या कार्डाचा तपशील स्वतःकडे ठेवता येत नाही. डेटाबेसमधून तो पुसला आणि एररच्या लॉगमध्ये राहिला, असं घडायला फार वेळ लागत नाही.

४० हा वर्ग मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात कुणाचीच चूक नसते. मुलुंडचा एक जण अंधेरीच्या मित्राच्या वॉलेटमध्ये पैसे टाकतो आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी मित्र त्याला टाकतो आहे. पहिल्या ट्रान्झॅक्शनने मुलुंडची नोंद कुलूपबंद केली आणि ती अंधेरीची वाट बघते आहे. दुसरीने अंधेरीची नोंद धरली आहे आणि ती मुलुंडची वाट बघते आहे. हा डेडलॉक. दोघी जन्मभर थांबल्या असत्या, पण डेटाबेस मध्ये पडतो. पोस्टग्रेस मुळात ठरवलेला एक सेकंद थांबून तपास करतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी लगेच ओळखतं आणि जिने कमी काम केलं आहे तिला मागे घेतं. तिच्या कोडला १२१३ मिळतो, आणि ट्रान्झॅक्शन पुन्हा सुरू करा, असं त्या संदेशातच लिहिलेलं असतं. संदेश न वाचता तो ग्राहकाला दाखवणारे कोड मी पुष्कळ पाहिले आहेत.

पुन्हा सुरू करा म्हणजे पहिल्या ओळीपासून. शेवटची फसलेली क्वेरी तेवढी पुन्हा पाठवून भागत नाही, कारण आधीचं सगळं पुसलं गेलेलं असतं. ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, ही कल्पना जिम ग्रे यांनी सत्तरच्या दशकात घडवली. १९९८ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला त्यामागे तीच होती. ती जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे तिसरे लेखक एस. सुदर्शन हे आपल्या पवईच्या आयआयटीतले. पुस्तक वाचून परीक्षा पास झालेले पुष्कळ आहेत. पण पुढचा खड्डा पुस्तकात नाही, मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये आहे.

१२१३च्या शेजारी १२०५ नावाचा एक एरर आहे. कुलपासाठी फार वेळ थांबलो, आता पुरे, असा त्याचा अर्थ. मुळात ठरवलेला वेळ ५० सेकंद. वरवर पाहता दोघे सख्खे भाऊ, म्हणून कोडमध्ये दोघांना एकाच ‘पुन्हा प्रयत्न’ घरात बसवलं जातं. पण १२१३मध्ये मायएसक्यूएल अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतो, तर १२०५मध्ये, वेगळी सेटिंग केली नसेल तर, फक्त शेवटची क्वेरी. आधी कापलेले पैसे कापलेलेच, ट्रान्झॅक्शन अजून उघडं. आता कोडने नवा प्रयत्न म्हणून ट्रान्झॅक्शन पुन्हा सुरू केलं की मायएसक्यूएल आधीचं उघडं ट्रान्झॅक्शन न विचारता कमिट करून टाकतो. पहिल्या खेपेचे पैसे कापलेले पक्के झाले आणि दुसऱ्या खेपेत पुन्हा कापले. कुठेही एरर नाही, लॉग स्वच्छ. सकाळी ग्राहकाचा फोन येतो आणि कुणाला काही समजत नाही. उपाय एका ओळीचा: चूक कुठलीही असो, दुसरं काही करण्याआधी स्वतः रोलबॅक सांगायचा. पोस्टग्रेसमध्ये ही शिस्त लादलेलीच आहे. ट्रान्झॅक्शनमध्ये एक चूक झाली की रोलबॅक होईपर्यंत तो पुढची एकही आज्ञा ऐकत नाही. नवख्याला त्याचा राग येतो. मला हा हट्टीपणा बरा वाटतो.

कनेक्शनच्या चुका थोडक्यात. डेटाबेसशी एका वेळी किती जणांनी बोलायचं याला मर्यादा असते. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात १५१, पोस्टग्रेसमध्ये १००. म्हणून अ‍ॅप्लिकेशन काही कनेक्शन्सचा पूल बांधून ठेवतं आणि आलटून पालटून वापरतं. सरळ वाटेवर कनेक्शन परत करायचं लिहिलेलं असतं. एक्सेप्शन आलं की कोड ती ओळ ओलांडून बाहेर पडतो आणि कनेक्शन हरवतं. दहांचा पूल असेल तर दहा चुकांनंतर साइट बंद, आणि तेव्हा डेटाबेस अगदी ठणठणीत असतो. जावात २०११पासून, आवृत्ती ७मध्ये, कनेक्शन आपोआप बंद करणारा ‘ट्राय’ आला. इतर भाषांतही असंच काही ना काही आहे. ते न वापरायला आता सबब उरलेली नाही.

दुसरी तक्रार ऑफिसांत फार ऐकू येते: सकाळी पहिल्यांदा उघडलं की एरर, दुसऱ्यांदा चालतं. मायएसक्यूएल आठ तास गप्प राहिलेलं कनेक्शन स्वतःहून तोडतो. रात्री आठला ऑफिस बंद, सकाळी नऊला सुरू. तेरा तासांत पूलमधली सगळी कनेक्शन्स मेलेली असतात आणि हे पूलला ठाऊक नसतं. पहिला कर्मचारी येऊन ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’ वाचतो. यावर ‘दोनदा उघडा’ असा कागद कॉम्प्युटरला चिकटवण्यापेक्षा पूलला कनेक्शनचं वय ठरवून देणं सोपं.

आता तिसरी गोष्ट.

कोडने कमिट पाठवलं. डेटाबेसने ते ऐकलं, डिस्कवर लिहिलं, आणि ‘झालं’ म्हणणारा निरोप परत येत असताना कनेक्शन तुटलं. किंवा कमिट पोहोचायच्या आधीच तुटलं. कोडच्या बाजूने दोन्ही अगदी सारखी दिसतात: टाइमआउट. इथे कुठलाच पाच अक्षरी कोड मदतीला येत नाही, कारण जो सांगणार त्याच्याशीच बोलणं तुटलं आहे. पेमेंटमध्ये ही फट आणखी रुंद होते. वेबसाइट पेमेंट गेटवेशी बोलते, गेटवे बँकेशी, बँक एनपीसीआयशी, ती दुसऱ्या बँकेशी. साखळीत कुठेही निरोप अडकला की अलीकडच्या सगळ्यांना एवढंच कळतं की उत्तर आलेलं नाही.

अशा वेळी ‘फेल झालं’ असं मानणं ही धोक्याची सवय आहे, आणि बहुतेक कोड तेच मानतो. पडद्यावर ‘ट्रान्झॅक्शन फेल्ड, पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं, माणूस पुन्हा पैसे भरतो, आणि तासाभराने दोन्ही खेपांचे पैसे कापले गेल्याचं दिसतं. पडद्यावरचं ते वाक्य खोटं होतं. खरं वाक्य असं: ‘बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. पुन्हा पैसे भरू नका, आम्ही तपासतो आहोत.’ आणि मग खरंच तपासायचं.

गिरणगावातला चाकरमानी कोकणात घरी मनीऑर्डर करायचा. पोच आली नाही म्हणून त्याने कधी लगेच दुसरी मनीऑर्डर केली नसेल. पावतीवरचा नंबर घेऊन तो पोस्टात चौकशीला जायचा. कोडलाही असाच नंबर लागतो आणि तो पैसे निघण्याच्या आधी तयार असावा लागतो. ग्राहकाने पैसे भरायचं पान उघडलं की एक ऑर्डर क्रमांक बनवायचा आणि त्यावर ‘युनिक’चं बंधन घालायचं. पहिल्यांदा बटण दाबलं की ‘प्रलंबित’ अशी नोंद टेबलात घालून कमिट करायची, आणि मगच गेटवेला हाक द्यायची. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गेटवेची वाट बघत बसायचं नाही. तिकडे तीस सेकंद लागले तर इकडे कुलपं तीस सेकंद अडकतात. गेटवेलाही तोच क्रमांक द्यायचा. माणसाने दुसऱ्यांदा बटण दाबलं तर तोच क्रमांक पुन्हा येतो, डेटाबेस २३५०५ म्हणतो, आणि कोड नवी खरेदी न करता पहिलीची स्थिती दाखवतो. मघाशी ज्या एररवरून ग्राहकाला ‘खातं आधीच आहे’ सांगितलं, तोच एरर इथे दुप्पट पैसे जाण्यापासून वाचवतो. कोडचा अर्थ तो कुठे आला यावर ठरतो, म्हणून सगळ्या साइटसाठी एकच ‘एरर पान’ पुरत नाही.

नंबर आहे, आता चौकशी. इथेही मती ठिकाणावर हवी. १२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर यूपीआय कित्येक तास अडखळलं. एनपीसीआयने कारण शोधलं तेव्हा आढळलं, की काही बँका ‘व्यवहाराचं काय झालं’ हा प्रश्न मोठ्या संख्येने आणि पुन्हा पुन्हा विचारत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. उत्तर येईना म्हणून आणखी विचारलं, विचारण्याचा भार वाढला म्हणून उत्तर आणखी उशिरा. ज्या यंत्रणेला श्वास घ्यायला वेळ हवा होता तिच्यावरच चौकशीचा लोंढा. त्यानंतर स्थिती विचारण्याच्या वेळा आणि त्यांतलं अंतर यांवर एनपीसीआयने कडक मर्यादा घातल्या. ऑगस्ट २०२५पासून तर साधी शिल्लक बघण्यालाही एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळांची सीमा आली.

म्हणून पुन्हा प्रयत्न करणाऱ्या कोडला तीन गोष्टी लागतात. प्रत्येक खेपेला थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा: एक सेकंद, दोन, चार, आठ. त्यात थोडा यादृच्छिक कमी-जास्तपणा मिसळायचा, नाहीतर एकाच क्षणी फसलेले हजार जण पुन्हा एकाच क्षणी येऊन धडकतात. आणि कुठेतरी थांबायचं. थांबण्याची ओळ लिहायला लोक विसरतात. समोरचा बसलेलाच आहे हे कळल्यावर काही काळ त्याला हाकच न मारणं, हेही योग्य उत्तर असू शकतं.

असं थांबणं किती महाग पडतं हे मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ला पाहिलं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सकाळी ११.४०ला सगळे व्यवहार बंद केले. टेलिकॉम कंपन्यांच्या जोडण्या डळमळल्या आणि त्याचा फटका माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला बसला, असं एनएसईने सांगितलं. सौदे जुळवणारी यंत्रणा तेव्हा चालू होती. बंद पडली होती ती जोखीम मोजणारी. कोणाकडे किती तारण आहे हेच समजत नसताना सौदे होऊ देणं म्हणजे ‘कळत नाही’ या तिसऱ्या उत्तराला ‘हो’ मानणं झालं असतं. बाजार दुपारी ३.४५ला पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. पर्यायी व्यवस्था वेळेवर का धावली नाही, यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तच होती. पण जोखीम मोजता येत नसताना बाजार थांबवणं मला चूक वाटत नाही.

चौकशीच्या सगळ्या खेपा संपल्या तरी काही व्यवहार लटकलेलेच राहतात. त्यांच्यासाठी रात्रीचा ताळमेळ असतो. गेटवेची दिवसभराची यादी आणि आपलं टेबल समोरासमोर ठेवायचं, तिकडे ‘झालं’ आणि इकडे ‘प्रलंबित’ असलेल्या नोंदी शोधायच्या. मग तिकीट तरी द्यायचं नाहीतर पैसे तरी परत करायचे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात या लटकलेल्या अवस्थेला मुदत घालून दिली. यूपीआयने दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत. दुकानदाराकडे पैसे भरल्याची खात्री पोहोचली नाही तर पाच दिवसांत परत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. पुलावरचे पैसे काही दिवसांत आपोआप परत येतात त्यामागे कुणाची मेहेरबानी नाही, हा नियम आहे. मात्र वेबसाइट लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, की परतावा हाही एक व्यवहारच. त्याचंही उत्तर हरवू शकतं, म्हणून त्यालाही स्वतःचा क्रमांक लागतो. तो नसला की ग्राहकाला एकदाचे पैसे दोनदा परत जातात, आणि असे ग्राहक तक्रार करायला फोन करत नाहीत.

हे सगळं लिहिलं तरी ते चालतं की नाही हे कसं कळणार? टोरंटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कॅसॅंड्रा, एचबेस, रेडिस यांसारख्या पाच मोठ्या प्रणालींमधली १९८ बिघाडांची प्रकरणं तपासली. ज्यांत अख्खी प्रणाली कोसळली त्यांतल्या ९२ टक्क्यांत मुळातली चूक छोटी होती. कोडला ती कळलीही होती, पण तिला दिलेली वागणूक चुकली होती. ३५ टक्क्यांत तर कारण अगदी फुटकळ: कॅच रिकामा, किंवा आत नुसती लॉगची एक ओळ, किंवा ‘हे नंतर करू’ अशी टीप. आडवाटेची साधी चाचणी घेतली असती तरी असे निम्म्याहून जास्त बिघाड आधीच सापडले असते, असा त्यांचा निष्कर्ष.

ती साधी चाचणी म्हणजे मुद्दाम मोडतोड. चाचणीच्या सर्व्हरवर खरेदी चालू असताना डेटाबेस बंद करून बघायचा. एका खिडकीत नोंद कुलूपबंद ठेवून दुसरीत १२०५ येईपर्यंत थांबायचं आणि खात्यातून पैसे एकदाच गेले का ते मोजायचं. एकच ऑर्डर क्रमांक वीस विनंत्यांतून एकदम पाठवायचा. आणि सगळ्यांत कटकटीची, म्हणून सहसा न केली जाणारी चाचणी: डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यामध्ये एक छोटा प्रॉक्सी बसवायचा, कमिट पुढे जाऊ द्यायचं, त्याचं उत्तर गिळायचं आणि कनेक्शन तोडायचं. मग टेबल उघडून बघायचं. तिकिटाची नोंद एकच असायला हवी, आणि पडद्यावर ‘फेल्ड’ हा शब्द नसायला हवा.